राऊटर अपडेट झाला आणि नेट गंडलं, रिसेट मारायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरच्या बाजूला एका वाडीत होमस्टे आहे, पुढे चिऱ्याचं जुनं घर आणि मागे दोन नव्या खोल्या. रात्रीत राऊटरने आपणहून फर्मवेअर (राऊटरच्या आतला प्रोग्राम) अपडेट घेतलं आणि सकाळपासून पाच गिगाहर्ट्झवालं वायफाय मधेच गायब होतंय मधेच परत येतंय, खळ्यातला कॅमेरा आणि एका खोलीतला टीव्ही जोडलेच जात नाहीत, मोबाईलवर नेट चालतं पण तुटतं. केबलवाला म्हणतो लाईन ओके आहे, दुकानदार म्हणतो राऊटर गेला, नवा घ्या. तर रिसेट मारू का नवा घेऊ, असं विचारलंय.

आत्ता दोन्ही नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून राऊटर मेलेला वाटत नाही, मेलेला राऊटर वायफायचं नावसुद्धा दाखवत नाही. मी या पट्ट्यात होमस्टे, पतपेढ्या, शाळा यांची नेटवर्कं बघतो आणि अपडेटनंतरच्या तक्रारींत खरोखर फर्मवेअर खराब निघालं असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा एखाददुसरं सेटिंग गुपचूप बदललेलं असतं. नाहीतर दुसरी गोष्ट, जी कोणी लक्षात घेत नाही, अपडेट म्हणजे रिबूटपण, बंद होऊन परत चालू होणंही, असतं. कित्येकांचा राऊटर महिनोन्‌महिने बंद झालेला नसतो, त्यात जे जे दुखणं दबून असतं, अर्धवट बसलेला कनेक्टर, कमजोर अडॅप्टर, इंटरनेट कंपनीकडचं अडकलेलं लॉगिन, ते सगळं एकदम वर येतं आणि नाव अपडेटचं होतं. म्हणून तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे प्रॉब्लेम एकाच सकाळी दिसतायत असं धरून चला. नेट तुटणं हा एक, आणि कॅमेरा-टीव्ही न जोडणं हा दुसरा. दोन्हींना एकच औषध शोधत बसलात तर दिवस जाईल.

पहिल्यांदा लाईन. तुमच्याकडे दोन डबे असतील, फायबर ज्यात घुसते तो ओएनटी आणि त्याच्या पुढे तुमचा राऊटर. काहींच्या घरी दोन्ही एकाच डब्यात असतात. ओएनटीवर पॉन लिहिलेला दिवा हिरवा स्थिर हवा आणि लॉस लिहिलेला बंद हवा. लॉस लाल झाला, किंवा पॉन लुकलुकत राहिला, तर राऊटरला हात लावू नका, तो दोष फायबरचा आहे आणि राऊटरमध्ये काहीही बदललं तरी जाणार नाही. आता केबलवाला "लाईन ओके" म्हणतो तेव्हा त्याने पॉवर मोजली का नुसता दिवा बघितला हे विचारा. ओएनटीच्या पेजवर ऑप्टिकल रिसीव्ह पॉवर म्हणून आकडा असतो, म्हणजे फायबरमधून किती उजेड पोचतोय तो, डीबीएममध्ये, आणि उणेचा आकडा मोठा तितका उजेड कमी. साध्या जीपॉन (घरगुती फायबरचा नेहमीचा प्रकार) ओएनटीची सहनशक्ती साधारण उणे २७ पर्यंत असते. उणे १८, उणे २२ असं काही दिसलं तर निवांत राहा. उणे २६ च्या पुढे, उणे २७ कडे गेलेलं असेल तर दिवा हिरवाच दिसेल पण वारा सुटला, माडाची झावळी वायरवर घासली की नेट तुटणार, आणि हे तुटणं बरोबर तुम्ही लिहिलंय तसंच वाटतं. आपल्याकडे हे फार. पोफळीच्या बागेतून ओढलेली वायर, गडग्यावर टाकलेली वायर, वानर त्यावर झोके घेतात, उंदीर कुरतडतात, आणि घराच्या तोंडाशी जिथे वायर वळवून आत घेतलीये तिथे इतकी करकचून वाकवलेली असते की उजेडच गळतो. ती पिवळी पॅचकॉर्ड मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवा, दाराच्या फटीत चेपू नका. हिरवा कनेक्टर उगीच काढून फुंकर बिंकर मारू नका, थुंकीचा कण बसला तरी पॉवर पडते, आणि टोकाकडे डोळा लावून तर कधीच बघू नका, तो लेसर डोळ्याला दिसत नाही पण असतो.

अजून एक इथलं खास. ओएनटी ते राऊटर जी छोटी लॅन केबल असते तिची पिन काढून बघा. समुद्राजवळच्या घरात खारी हवा ती तांब्याची पट्टी हिरवट करून ठेवते. अशी केबल चालू असते तोवर चालते, रिबूटमध्ये दोन्ही डबे परत आपसात स्पीड ठरवायला बसतात आणि तेव्हा शंभरवर किंवा दहावर अडकतात, नाहीतर लिंक वरखाली होत राहते. नवी केबल शंभर-दोनशेची येते, आधी ती बदला. मी तर बॅगेत दोन नव्या ठेवतोच.

अडॅप्टरपण बघून घ्या. बऱ्याच होमस्टेमध्ये पाहुण्यांनी चार्जर लावायला प्लग काढलेले असतात आणि परत लावताना ओएनटीचा अडॅप्टर राऊटरला आणि राऊटरचा ओएनटीला गेलेला असतो. पिन सारखीच असते, व्होल्टही बहुतेक बाराच असतात, पण एकाला एक अँपिअर पुरतो आणि दुसऱ्याला दीड किंवा दोन लागतो. कमी अँपिअरवर राऊटर चालू होतो, दिवे लागतात, आणि पाचसहा मोबाईल जोडून व्हिडिओ सुरू झाले की धापा टाकतो नाहीतर आपोआप रिस्टार्ट होतो. डब्याखालच्या स्टिकरवर काय लिहिलंय आणि अडॅप्टरवर काय लिहिलंय ते जुळवा, एका मिनिटाचं काम आहे.

हे सगळं ठीक निघालं तर आता राऊटरच्या आत. लॅपटॉप असेल तर केबलने जोडा, वायफायने नको, कारण वायफायच संशयित आहे. ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, स्टिकरवर असतो. आत गेल्यावर इंटरनेट किंवा वॅन नावाचं पान उघडा. तिथे खरा आयपी (नेटवरचा तुमचा पत्ता) दिसतोय का ०.०.०.० दिसतोय ते बघा. शून्य असतील आणि तुमचं कनेक्शन पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्डवालं असेल तर अपडेटने युजरनेम उडवलंय, किंवा व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीने लाईनला ठरवून दिलेल्या वाटेचा, नंबर उडवलाय, किंवा कंपनीकडे तुमचं रात्रीचं जुनं सेशन अजून उघडंच आहे. शेवटचं फार कॉमन आहे. राऊटर अचानक रिबूट झाला की तो कंपनीच्या सर्व्हरला "मी चाललो" असं सांगत नाही, सर्व्हर समजतो हा अजून लॉगिनच आहे आणि दुसरं लॉगिन नाकारतो. माणूस घाबरून दर दोन मिनिटांनी बंद-चालू करतो आणि काम अजून लांबतं. त्यापेक्षा दोन्ही डबे बंद करा, पंधरा-वीस मिनिटं तसेच ठेवा, चहा प्या, मग आधी ओएनटी चालू करा, त्याचा पॉन स्थिर झाला की मग राऊटर. युजरनेम आणि व्हीलॅन केबलवाल्याकडून व्हॉट्सअपवर लिहून घ्या, तोंडी नको, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की संध्याकाळ जाते.

तुमचं मात्र नेट येऊन तुटतंय, त्यामुळे मला तिथे फार काही सापडेल असं वाटत नाही. मला संशय चॅनलचा, म्हणजे वायफाय ज्या पट्टीवर बोलतं तिचा, आहे. पाच गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५२ ते १४४ हा जो मधला भाग आहे तो रडारसोबत वाटून घेतलेला आहे. त्यातलं चॅनल घ्यायच्या आधी राऊटरला कमीत कमी एक मिनिट गप्प बसून ऐकावं लागतं, आणि मधेच रडारसारखं काही जाणवलं तर ते चॅनल ताबडतोब सोडावं लागतं आणि अर्धा तास तिथे परत जाता येत नाही. तेवढ्यात वायफायचं नाव गायब. "गायब होतंय, परत येतंय" हे तुम्ही जे लिहिलंय ते ऐकून पहिलं हेच डोक्यात आलं. जुन्या फर्मवेअरमध्ये राऊटर ३६ वर बसलेला असणार, अपडेटने चॅनल परत ऑटोवर टाकलं आणि त्याला मधलं एखादं मोकळं दिसलं, वाडीत तिथे दुसरं कोण असणार, मग बसला जाऊन. उपाय सोपा आहे, राऊटरच्या वायफाय पानावर ऑटो काढा आणि हाताने ३६ ते ४८ मधलं किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनल द्या. चॅनलची रुंदी १६० ठेवली असेल तर ८० करा, कारण ३६ वर १६० लावलं की तो परत त्या मधल्या भागात पाय टाकतोच. कोणी तुम्हाला सांगेल की मच्छीमार बोटींच्या रडारमुळे हे होतं, तर तसं नाही, बोटींची रडारं साधारण तीन आणि नऊ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांचा या पट्ट्याशी संबंध नाही. बऱ्याचदा तर खरं रडार नसतंच, राऊटर इकडच्या तिकडच्या गोंगाटाला रडार समजतो.

त्याच पानावर देश किंवा रीजन बघा. तिथे भारत हवं. अपडेटनंतर ते दुसरंच काही झालेलं मी बघितलंय, आणि त्याने फार विचित्र घोळ होतात. आणि देश भारत असला तरी २.४ गिगाहर्ट्झमध्ये राऊटर चॅनल १२ किंवा १३ वर जाऊन बसू शकतो, तुमच्या मोबाईलला ते दिसतं पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेल्या कितीतरी टीव्ही स्टिक आणि कॅमेरे फक्त ११ पर्यंतच बघतात, त्यांच्यासाठी तुमचं वायफाय अस्तित्वातच नसतं. २.४ ला सरळ १, ६ किंवा ११ यातलं एक द्या आणि रुंदी २० ठेवा, ४० नको.

आता कॅमेरा आणि टीव्ही. इथे जरा सविस्तर सांगतो कारण पाहुणे येऊन बसलेले असतात आणि मालकाला घाम फुटतो.

अपडेटनंतर तीन गोष्टी बदललेल्या सापडतात. पहिली, दोन्ही बँडचं, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचं, नाव एक होणं. पूर्वी तुमच्याकडे दोन नावं असतील, एक साधं आणि एक शेवटी ५जी लावलेलं. नव्या फर्मवेअरमध्ये स्मार्ट कनेक्ट असं काहीतरी चालू होतं आणि दोन्ही एकाच नावाखाली येतात, कुठल्या मोबाईलला कुठे बसवायचं ते राऊटर ठरवतो. मोबाईलला चालतं. कॅमेऱ्याला नाही, कारण स्वस्त कॅमेरा, स्मार्ट प्लग हे फक्त २.४ वर चालतात, आणि ते ॲपवरून जोडताना तुमचा मोबाईल ५ वर बसलेला असेल तर बऱ्याच ॲपची जोडणी तिथेच अडकते. दुसरी, सिक्युरिटी, म्हणजे पासवर्ड तपासायची पद्धत. डब्ल्यूपीए२ चं डब्ल्यूपीए३ झालं किंवा दोन्ही मिसळलेला मोड झाला. निव्वळ डब्ल्यूपीए३ असेल तर जुना टीव्ही जोडणं शक्यच नाही, त्याला ती भाषाच येत नाही. मिसळलेला मोड कागदावर सगळ्यांना चालतो, प्रत्यक्षात काही जुने कॅमेरे त्यालाही अडतात आणि स्क्रीनवर "पासवर्ड चुकीचा" असं खोटंच दाखवतात. लोक पासवर्ड बदलत बसतात, मग घरातले बाकीचे सगळे मोबाईलपण तुटतात, आणि गोंधळ दुप्पट. तिसरी, २.४ चा मोड एएक्स (वायफाय ६) होणं. काही जुन्या लॅपटॉपना त्यांचा ड्रायव्हर अपडेट केलेला नसेल तर एएक्सवालं नेटवर्क यादीत दिसतच नाही.

म्हणून असं करा. स्मार्ट कनेक्ट बंद. २.४ ला जे नाव आणि पासवर्ड आधी कॅमेऱ्यात भरलेलं होतं तेच, स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल, मधली जागा सकट तसंच द्या, म्हणजे कॅमेऱ्याला हातच लावायला नको, तो आपोआप येऊन जोडला जाईल. शिडी लावून खळ्याच्या खांबावर चढायचं वाचतं. २.४ ची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस, मोड बी-जी-एन. पाच गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन डब्ल्यूपीए३ खुशाल ठेवा, तिथे नवे मोबाईलच येतात. मग टीव्हीवर जुनं नेटवर्क फर्गेट करून नव्याने जोडा, फर्गेट न करता जोडत राहिलात तर तो जुन्या सिक्युरिटीनेच दार ठोठावत राहतो.

टीव्ही जोडला गेला पण मोबाईलवरून कास्ट होत नाही, प्रिंटर दिसत नाही, असं झालं तर एपी आयसोलेशन (जोडलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं सेटिंग) नावाचा टिकमार्क शोधा, अपडेटनंतर तो चालू झालेला असतो. पाहुण्यांच्या गेस्ट वायफायवर तो चालूच हवा हां, नाहीतर एका खोलीतला पाहुणा दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर आपला व्हिडिओ लावतो.

कॅमेरा घरात दिसतो पण चिपळूणला बाजारात गेल्यावर मोबाईलवर दिसत नाही, ही निराळी गोष्ट. ॲप-क्लाउडवाला कॅमेरा असेल तर तो आपोआप येतो. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला त्याच्याकडे पाठवायचा नियम, करून ठेवलेलं असेल तर अपडेटमध्ये ते नियम उडतात, किंवा डीव्हीआरला नवा आतला आयपी मिळालेला असतो आणि नियम जुन्याकडे बोट दाखवत बसलेला असतो. डीव्हीआरचा आयपी राऊटरमध्ये रिझर्व करून टाका. वॅनवर १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसत असेल तर मात्र तो कंपनीचा सामायिक आयपी आहे, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून काही येणार नाही.

आणि हो, डीएचसीपीची रेंज, म्हणजे राऊटर किती आयपी वाटू शकतो ते, बघून ठेवा, गणपतीच्या आत. एरवी घरात सात-आठ मोबाईल असतात आणि काही कळत नाही, चाकरमानी आले की एका घरात तीस-चाळीस होतात. अपडेटने रेंज छोटी केलेली असेल तर शेवटी येणाऱ्यांना आयपीच मिळत नाही, वायफाय जोडलेलं दिसतं आणि नेट नाही, लॅपटॉपवर आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. होमस्टेला तर रोज नवे मोबाईल, जुन्यांचे आयपी अडकून राहतात. रेंज १०० ते २४९ अशी मोठी करा आणि लीजचा वेळ, म्हणजे एक आयपी एकाकडे किती वेळ राहतो तो, दोन तासांवर आणा.

काही साईट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात असं झालं तर एमटीयू (एका वेळी किती मोठं डेटाचं पाकीट जातं तो आकडा) बघा, पीपीपीओईला १४९२ हवं, १५०० झालेलं असेल तर हा त्रास होतो. व्हॉट्सअप चालतं आणि ब्राउझर काहीच उघडत नाही असं असेल तर डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघा, तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. राऊटरचं घड्याळ चुकलेलं असेल तर वेळ लावून बंद होणारं गेस्ट वायफाय भलत्याच वेळी बंद होतं, ती वेळपण भारताची करून घ्या.

वायफाय मागच्या खोल्यांत पूर्वी पोचत होतं आणि आता नाही असं वाटत असेल तर ट्रान्समिट पॉवर लो-मिडियमवर आलीये का बघा. पण खरं सांगायचं तर दीड-दीड फुटी चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडून पाच गिगाहर्ट्झ कुणाचंच जात नाही, त्यातून पावसात चिरा पाणी पितो. मागे केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा. ती केबल उघड्यावरून जाणार असेल तर वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत दोन्ही बाजूंचे पोर्ट जळतात, म्हणून शक्य असेल तर मधला तुकडा फायबरचाच टाका, त्यातही लोखंडी तार नसलेला.

एवढं करून काहीच सुधारलं नाही तर मग रिसेट. रिसेटपूर्वी प्रत्येक पानाचे मोबाईलवर फोटो काढा, वॅन, वायफाय, डीएचसीपी, फॉरवर्डिंग. बॅकअप फाईल काढून ठेवा पण रिसेटनंतर ती परत चढवू नका, जुन्या फर्मवेअरची फाईल नव्यावर चढवली की जो कचरा काढायला रिसेट केला तोच परत आत येतो. हाताने भरा. रिसेट फक्त तुमच्या राऊटरचा, ओएनटीचा अजिबात नाही, त्यातली कंपनीची सेटिंगं उडाली की त्यांचा माणूस येईपर्यंत घर बंद.

जुन्या फर्मवेअरवर परत जायचं असेल तर राऊटर बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून, तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच हार्डवेअर व्हर्जनचं घ्या. स्टिकरवर मॉडेलच्या बाजूला व्ही१, व्ही२, व्ही३ असं छापलेलं असतं, नाव एकच असलं तरी आतला सर्किट बोर्ड वेगळा असतो. चढवताना केबलने, आणि दोन्ही डबे इन्व्हर्टरवर. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि राऊटर खरा मरतो तो इथे, अर्ध्या अपडेटमध्ये वीज गेली तर. तसं झालंच तरी लगेच भंगारात टाकू नका, कितीतरी राऊटरमध्ये रेस्क्यू मोड असतो, रिसेटचं बटण दाबून धरून चालू केलं की तो केबलवरून नवी फाईल घ्यायला तयार होतो. आसूसचा यासाठी वेगळा प्रोग्रामच मिळतो, टीपी-लिंक आणि नेटगियरच्या बऱ्याच मॉडेलला टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने फाईल देता येते.

ऑटो अपडेट कायमचं बंद करू का, हे पुढचं तुम्ही विचारणारच. नको. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने चोपन्न देशांतले किमान पाच लाख राऊटर आणि तत्सम डबे पोखरले होते, त्यात घरगुती राऊटरच भरपूर होते, आणि सापडले त्यातल्या बऱ्याच डब्यांत आधीच माहीत असलेली जुनी भगदाडं किंवा कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच होते. बंद न करता वेळ बदला. बऱ्याच राऊटरवर ती पहाटेची असते, होमस्टेला मंगळवार-बुधवार दुपार बरी, पाहुणे फिरायला गेलेले असतात आणि काही बिघडलं तर तुम्ही जागे असता. ओएनटीचं अपडेट मात्र कंपनी लांबून करते, ते तुमच्या हातात नाही.

नवा राऊटर तेव्हाच घ्या जेव्हा केबलने जोडलेल्या लॅपटॉपलासुद्धा राऊटरचं पान मधेच हरवतंय, किंवा योग्य अडॅप्टर लावूनही तो स्वतःहून रिस्टार्ट होतोय, किंवा राऊटर बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणंच बंद केलंय.

तुम्ही आज लॅन केबल बदला, चॅनल ४० द्या, स्मार्ट कनेक्ट बंद करून २.४ ला जुनं नाव आणि डब्ल्यूपीए२ लावा, एक रात्र जाऊ द्या. उद्याही तुटलं तर किती वाजता तुटलं ते लिहून ठेवा आणि राऊटरच्या सिस्टीम लॉगमध्ये त्याच वेळेच्या आठ-दहा ओळी असतील त्यांचा फोटो आणि ओएनटीवरचा तो डीबीएमचा आकडा, एवढं इथे टाका. पासवर्ड दिसत असेल तर तो भाग झाकून टाका.